मिनी बाईकच्या छोट्या इंजिनाचं जेटिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीचा. भंगारातल्या फ्रेमवर शेतीच्या अवजाराचं इंजिन चढवून मिनी बाईक बनवायचा नाद लागला त्याला बरीच वर्षं झाली. आता आजूबाजूच्या गावातली पोरं, कधी थेट साताऱ्याहून, गाडी छोट्या हत्तीत टाकून घेऊन येतात आणि दहातल्या आठ जणांचं दुखणं एकच असतं, "दादा, सगळं बसवलं पण गाडी दमच धरत नाही." तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

हे नक्की कुठल्या इंजिनांबद्दल आहे?

मुख्यतः फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिन, म्हणजे पॉवर वीडर, पाण्याचा पंप, छोटा जनरेटर यांच्यावर येतं ते. होंडाचं जीएक्स २०० हे १९६ सीसीचं इंजिन आणि त्याच धाटणीची २१२ सीसीपर्यंतची चायना इंजिनं. द्राक्षबागेत आणि हळदीच्या रानात वीडर घरोघरी झालेत, त्यामुळे आपल्याकडे हे इंजिन मिळायला त्रास नाही. दुसरी जात म्हणजे ब्रश कटरचं ४३ किंवा ५२ सीसीचं टू स्ट्रोक, त्याचं शेवटी वेगळं सांगतो कारण त्याचा कार्ब, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर, वेगळाच असतो.

जेटिंग म्हणजे काय, सोप्या भाषेत सांगा

कार्बच्या गळ्यातून हवा जोरात आत ओढली जाते, गळा अरुंद असतो तिथे दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल वर चढतं. किती चढायचं ते एका बारीक भोकावर ठरतं, ते भोक म्हणजे जेट. वजनाने बघितलं तर १ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि फुल रेसला ताकद पाहिजे असेल तर थोडं जास्त पेट्रोल द्यावं लागतं, साडेबारा-तेराला एक असं. पेट्रोल जास्त झालं की रिच, कमी पडलं की लीन. बास, जेटिंग म्हणजे हा हिशोब प्रत्येक रेसला जुळवणं.

नुसता एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदललाय, तरी जेट बदलायला लागतो का?

लागतो. कंपनीचा फिल्टर आणि मफलर हवेला अडवतात आणि त्या अडवण्याचा हिशोब धरूनच कंपनीने जेट टाकलेला असतो. तुम्ही कोन फिल्टर लावला, सरळ पाईप लावला, हवा मोकळी झाली, पेट्रोल मात्र तेवढंच राहिलं. शिवाय हल्लीची इंजिनं धुराच्या नियमासाठी मुळातच जरा लीन सेट करून येतात. मग सायलेन्सरमधून फटाके, उभ्या उभ्या हंटिंग, म्हणजे रेस आपोआप वर खाली होत राहणं, हे सगळं सुरू होतं.

मग मेन जेट किती नंबरचा टाकू? एक आकडा सांगा ना

हा प्रश्न रोज येतो आणि एक आकडा सांगून टाकला तर तुमचं नुकसान होईल म्हणून मी तो सांगत नाही, पण अंदाज देतो. २१२ सीसीच्या मूळ कार्बमध्ये मेन जेट, म्हणजे वरच्या रेसचं पेट्रोल देणारा मोठा जेट, साधारण ०.७० मिमीच्या आसपास असतो, फिल्टर आणि पाईप दोन्ही मोकळे केल्यावर लोक ०.९० पर्यंत जातात. आता इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की नंबर व्यासाचा असतो पण पेट्रोल जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून. ०.७० चा ०.७५ केला तर आकड्यात फरक पाचचाच दिसतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढतं. म्हणून "एकदम शंभरचाच टाक, काय होतंय" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आणि नंबरवर आंधळा विश्वास नको. काही जेटवरचा नंबर व्यासाचा असतो, काहींवर पेट्रोल किती वाहतं त्याचा, मिकुनी कंपनीचा षटकोनी जेट आणि केहिन कंपनीचा जेट यांचा १०० म्हणजे एकच माप नाही. त्यात स्वस्तातले जेट. मी एकदा एका दुकानातून चार जेटचं पाकीट आणलं, ८५, ९०, ९५, १००. ९५ टाकला की गाडी ९० पेक्षा लीन चालायची, दोन दिवस मला काही कळेना. शेवटी लेथवाल्या मित्राकडून बारीक ड्रिलचा सेट आणला आणि ड्रिलची मागची गुळगुळीत बाजू हाताने अलगद घालून बघितली, तर ९५ छापलेल्या जेटमध्ये ०.८८ ची काडीसुद्धा जात नव्हती. तेव्हापासून नवीन जेट आला की आधी माप, मग वही, मग कार्ब.

सुरुवात नेहमी मोठ्या जेटने करा आणि खाली या. रिच गाडी धूर सोडते, प्लग काळा करते, इंजिन मात्र वाचतं. लीन गाडी सुरुवातीला मस्त हलकी, चपळ वाटते आणि तापून व्हॉल्व किंवा पिस्टन घेऊन जाते.

अर्ध्या रेसला मिसिंग मारते, मेन जेट बदलू?

थांबा. आधी ती नक्की किती रेसला मिस मारते ते बघा, कारण प्रत्येक रेसचा मालक वेगळा आहे. एक्सिलेटरच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावा, मुठीशेजारच्या भागावर पेनाने एक रेघ मारा, मग मुठीवर शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि फुल अशा खुणा करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांचं निम्मं निदान तिथेच होतं कारण पोरगा सांगतो "फुल रेसला अडकते" आणि खुणेवर बघितलं तर ती पावालाच अडकत असते.

स्लाईडवाला कार्ब असेल, ज्यात रेस दिली की आतली स्लाईड आणि तिला लटकलेली सुई वर उचलली जाते, म्हणजे मिकुनी व्हीएम २२ किंवा त्याची कॉपी किंवा जुन्या स्प्लेंडरचा, तर बंद ते पाव रेसपर्यंत स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचा छोटा जेट, आणि स्लो स्क्रू. साधारण पावाच्या आसपास स्लाईडचा खालचा तिरका काप बोलतो. पाव ते पाऊण सुईचं राज्य. पाऊण ते फुल मेन जेट. या हद्दी एकमेकीत थोड्या मिसळतात, वीतभर इकडे तिकडे, पण ढोबळ हिशोब हाच.

सुईला वर पाच खाचा असतात, त्यात लॉक बसतं. लॉक वरच्या खाचेत टाकलं की सुई खाली जाते, लीन. खालच्या खाचेत टाकलं की सुई उचलली जाते, रिच. हे उलटं लक्षात ठेवणारे फार आहेत म्हणून करायच्या आधी सुई हातात धरून एकदा डोळ्यांनी बघा. काप जितका मोठा तितकं लीन.

मूळ कार्ब, जो वीडरवर येतो, त्यात सुई नसतेच. आत गोल चकतीचा थ्रॉटल असतो, एक स्लो जेट, एक मेन जेट आणि भोकं पाडलेली नळी. त्यामुळे त्यात मधल्या रेसला हात घालायला जागा कमी, मेन जेट आणि स्लो जेट दोघांच्या ताणाताणीत मधलं सांभाळून घ्यायचं.

स्लो स्क्रू आत फिरवला की रिच होतं का लीन?

स्क्रू कुठल्या बाजूला आहे त्यावर आहे. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत फिरवला की हवा कमी, म्हणून रिच. इंजिनच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. व्हीएम २२ चा हवेचा आहे, वीडरच्या मूळ कार्बचा मिश्रणाचा. आत अलगद टेकवून दीड फेरा बाहेर, ही सुरुवात. आवळून टेकवला तर टोक कायमचं दबतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पाव-पाव फेरा फिरवत जिथे आयडलिंग सगळ्यात वर जातं तिथे थांबा, मग रेसचा स्क्रू कमी करा. अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल किंवा अर्ध्या फेऱ्याच्या आतच सेट होत असेल तर स्लो जेट चुकलाय.

रिच आहे की लीन, खात्रीने कसं कळणार?

सगळ्यात सोपी चाचणी चोकची. मोकळ्या जागेत फुल रेसला गाडी पळवा आणि चोक अगदी थोडा ओढा. गाडीने उसळी घेतली तर लीन होती, चोकमुळे तिला हवं ते पेट्रोल मिळालं. आणखी गुदमरली तर रिच किंवा बरोबर.

दुसरी प्लगची. लोक घरी येऊन, आयडलिंगला पाच मिनिटं ठेवून मग प्लग काढतात आणि काळा दिसला की जेट कमी करतात. तो काळेपणा आयडलिंगचा आहे, मेन जेटचा नाही! नवा प्लग लावा, ऊस तुटलेल्या रानातल्या लांब बांधासारख्या सरळ जागेवर फुल रेसला पंधरा-एक सेकंद ओढा, आणि फुल रेसमध्येच किल स्विच दाबा. गाडी थांबली की तिथेच प्लग काढा. मी खिशात प्लगचा पाना आणि एक जाड फडका घेऊनच जातो. प्लग फडक्यावर ठेवायचा आणि उन्हाकडे पाठ करून बघायचा. पांढऱ्या चिनीमातीच्या टोकाकडे बघून फसू नका, आताच्या पेट्रोलवर ते बराच वेळ पांढरंच राहतं. चिनीमाती जिथे खाली लोखंडात शिरते तिथे, अगदी खोलात, बॅटरी लावून बघा. तिथे फिकट तपकिरी कडं दिसलं तर बरोबर. कडंच नाही, सगळं खडूसारखं आणि टोकावर बारीक चमकते ठिपके, तर गाडी परत चालूच करू नका, आधी जेट वाढवा. ते ठिपके पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात.

बाकी कानाला कळतं. रिच गाडी फुल रेसला जड, बुबुबु अशी गुरगुरते आणि काळा धूर देते. लीन गाडी कार्बमधून शिंकते, रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फुटते, रेस सोडूनही आयडलिंग लवकर खाली येत नाही.

पाच जेट बदलले, काहीच फरक नाही, काय करू?

जेट बदलायचे थांबा, हवा कुठून घुसतेय ते शोधा. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय. भाच्यासाठी बांधलेली गाडी, लीनची सगळी लक्षणं, मी ८५ पासून सुरू करून १०५ पर्यंत गेलो, आयडलिंग तरी वर खाली. संध्याकाळी कार्ब खोलला तर कार्ब आणि काळ्या इन्सुलेटरच्या मधलं कागदी पॅकिंग एका कोपऱ्यात नखाएवढं फाटलेलं. नवीन पॅकिंग टाकलं आणि ९० वर गाडी घड्याळासारखी चालली.

तेव्हा आधी हे: इंजिन आयडलिंगला ठेवून पॅकिंगच्या कडेने कार्ब क्लिनरचा बारीक फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून लांब, जवळ पाण्याची बादली ठेवून. रेस बदलली तर तिथूनच हवा शिरतेय. मग व्हॉल्व क्लिअरन्स मॅन्युअलप्रमाणे तपासा. मग प्लगची गॅप. मग टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, ते बुजलं की गाडी पाच मिनिटं चांगली चालून मग मरते आणि लोक जेटला दोष देतात.

ई२० पेट्रोलमुळे जेट बदलावा लागतो का?

जुनं सेटिंग असेल तर हो, थोडा. हा विषय आपल्या भागाच्या जवळचा आहे, कारण जो ऊस आपण कारखान्याला घालतो त्याच्याच मळीतून आणि रसातून इथेनॉल होतं आणि तेच पंपावर पेट्रोलमध्ये मिसळून आपल्या टाकीत येतं. २०२५ पासून पंपावर २० टक्के मिश्रण आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते, एका ग्रॅमला नऊच. शुद्ध पेट्रोलचा १४.७ चा आकडा ई२० ला साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तोच जेट, तीच हवा, पण गाडी आठ टक्के लीन. भोकाच्या व्यासात हा फरक चार टक्के धरा, ९० चा जेट असेल तर ९३ किंवा ९४, दुकानात जवळचा ९२.५ मिळाला तर तोच घ्या. जुन्या लोकांनी सांगितलेले आकडे, परदेशी व्हिडिओतले आकडे, सगळे या नजरेने बघा. आणि स्लो जेटलाही हाच नियम आहे, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते त्याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

जेटपेक्षा मोठा त्रास पाण्याचा. इथेनॉल पाणी ओढतं, पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं आणि मेन जेट तळालाच असतो. वाटी उघडल्यावर तळाशी पांढरट चिकट थर आणि पितळी जेटवर हिरवट पूड दिसली की समजा. साधी रबरी नळी फुगते आणि आतून सुटते, इथेनॉलला चालणारी नळी घ्या.

सांगलीत नीट चालते, महाबळेश्वरला नेली की जड होते, असं का?

हवा विरळ. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या, आठशे मीटरचा फरक. हवेची घनता साधारण आठ टक्के कमी होते, पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून रिच. सांगलीत जेट बरोबर असेल तर वर एक नंबर कमी करून भागतं. कास, पाचगणीकडच्या पोरांनी आपल्याच उंचीवर सेट करावं, सांगलीवाल्याचा आकडा उचलू नये. मात्र आठ-नऊ टक्के ताकद जी जाते ती कुठल्याच जेटने परत येत नाही, हवाच कमी आहे तिथे.

आता गंमत बघा. मे महिन्यात सांगलीत दुपारी चाळीस अंश आणि डिसेंबरात पहाटे बारा-तेरा अंश, एवढ्या फरकाने हवेची घनता नऊ टक्क्यांनी बदलते. म्हणजे घाट चढण्याइतकाच फरक, पण उलट्या दिशेने, थंडीत गाडी लीन होते. मे महिन्यात अगदी काठावर सेट केलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी फुल रेसला ताणू नका.

ड्रिल मारून जेट मोठा केला तर चालतं का?

हाताच्या चकने, मापाचं ड्रिल असेल, आतून कड साफ केली तर चालतं. मशीनला लावून मारलं तर भोक वाकडं आणि खडबडीत होतं आणि त्याचं माप कागदावर काहीही असलं तरी पेट्रोल वेगळंच वाहतं. जेट पन्नास-शंभरात मिळतो, कशाला.

जेट तारेने साफ करू?

स्टीलच्या तारेने नाही, टाचणीने तर नाहीच. वायरमधला तांब्याचा एक बारीक धागा किंवा मासेमारीची नायलॉन दोरी, आणि मग हवेचा प्रेशर.

कार्बमधून पेट्रोल ओव्हर होतं

फ्लोट म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग. त्याची सुई किंवा तिच्या सीटमध्ये कचरा, नाहीतर फ्लोटला भोक पडून आत पेट्रोल शिरलंय. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आवाज येतो. फ्लोटची उंची चुकली की सगळ्याच रेसला रिच किंवा लीन होतं, त्यामुळे जेटच्या आधी हे.

मोठा कार्ब बसवला की ताकद वाढणार ना?

एका मर्यादेपर्यंत. मूळ हेड, मूळ कॅम असलेल्या २१२ सीसीला व्हीएम २२ पुरेसा आहे. त्याच्या वरचा टाकला तर गळा मोठा, हवेचा वेग कमी, खालच्या रेसला पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि गाडी सुटताना खड्ड्यात पडल्यासारखी बसते. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्ब इंजिनाला जोडणारी नळी, मात्र चांगला बनवून घ्या. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, तेव्हापासून या पट्ट्याला लेथची सवय आहे, पलूस, मिरज, सांगली कुठेही चांगला कारागीर मिळेल. फ्लँज सपाट घासून घ्या, काचेवर ठेवून हलत नाही ना बघा.

गव्हर्नर काढून टाकू का?

पंधरा-सोळा वर्षांची पोरं हे विचारतात म्हणून स्पष्ट सांगतो, मूळ इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे रेस ठरावीक आरपीएमच्या वर जाऊ न देणारा भाग, काढू नका. कंपनी हे इंजिन ३६०० आरपीएमला बांधते. आतला कनेक्टिंग रॉड साधा ओतीव ॲल्युमिनियमचा, फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं. गव्हर्नर काढला आणि जेट बरोबर लागला तर हेच इंजिन पाच-साडेपाच हजाराला सहज जातं, तिथे रॉड तुटून ब्लॉक फोडू शकतो, आणि फ्लायव्हील फुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात, ते असतं कुठे? बसणाऱ्याच्या मांडीशेजारी. ज्याला करायचंच आहे त्याने आधी बिलेट, म्हणजे अखंड धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला, रॉड आणि तसंच फ्लायव्हील बसवावं, मग व्हॉल्व स्प्रिंग, जेट सगळ्यात शेवटी. एवढे पैसे नसतील तर गव्हर्नर राहू द्या, जेटिंग बरोबर केलं तर खालचा ओढ तसाही वाढतो आणि मिनी बाईकवर मजा ओढीचीच आहे.

ब्रश कटरच्या टू स्ट्रोकचं कसं करायचं?

त्यात वाटी नसते, पडदा असतो, आणि बऱ्याच कार्बांत जेटच्या जागी दोन स्क्रू, बॉडीवर एल आणि एच कोरलेले. एल खालच्या रेसचा, एच फुल रेसचा, दोन्ही बाहेर काढले की रिच. एच असा ठेवा की मोकळ्या फुल रेसला आवाज किंचित गुरगुरता राहील आणि भार पडला की साफ होईल. मोकळ्या रेसलाच शिट्टीसारखा साफ आवाज आला तर लीन आहे, लगेच पाव फेरा बाहेर.

आणि ऑईल. लोकांना वाटतं भीती वाटली तर ऑईल जास्त टाकावं. पण त्याच भोकातून ऑईल जास्त गेलं म्हणजे पेट्रोल कमी गेलं, म्हणजे गाडी लीन झाली. लिटरला २५ मिली म्हणजे चाळीसला एक, ४० मिली म्हणजे पंचवीसला एक, जे ठरवाल ते पक्कं ठेवा आणि त्यावरच स्क्रू सेट करा. मापाची बाटली वापरा, झाकणाने अंदाज नको. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले की लीन चालून जाम झालंय.

रस्त्यावर चालवली तर?

नाही. या गाड्यांना पासिंग नाही, विमा नाही. स्वतःचं रान, मोकळी जागा, हेल्मेट, आणि पोरांबरोबर एक मोठं माणूस.

वही कशाला लागते?

कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "डिसेंबर, सकाळी ७, थंडी, ई२०. मेन ९२.५, स्लो तोच, सुई तिसरी खाच. पाऊण रेसला साफ, पावाला किंचित शिंक. स्क्रू पाव फेरा रिच केला, शिंक गेली." एवढंच. पुढच्या डिसेंबरात मला सुरुवात शून्यापासून करावी लागली नाही.

पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहणार, काय करू?

जूनच्या पहिल्या पावसाआधी टाकी पूर्ण रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग वाटीचा खालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. जेट काढून कागदात गुंडाळून नंबर टाकून ठेवा. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटण-जावळीकडे पाऊस आणि दमट हवा जास्त, तिकडच्यांनी कार्बच काढून घरात कोरड्या जागी ठेवावा आणि मॅनिफोल्डच्या तोंडाला स्वच्छ फडका बांधावा, पावसात उंदीर तिथेच घर करतात.